आजीची कानडी

आमच्या वाड्यात दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. एक माझे बाबा, दुसरे माझे काका. मधे विटांची भिंत होती, गिलावा न केलेली, आणि त्या भिंतीत फळकुटाचं एक दार होतं. ते दार फक्त आजीसाठी. आमच्या भालकी तालुक्यात अशी भिंत आणि असा अबोला ही नवलाची गोष्ट नाही. शोधलं तर प्रत्येक गावात एखादा सापडेल. तरी लिहायला बसले, कारण आमच्या घरातला अबोला ज्या शब्दावरून सुरू झाला तो शब्द खरं तर कुणी उच्चारलाच नव्हता.

गोष्ट २००३ सालच्या वाटणीची. आपल्याकडे जमिनीच्या उताऱ्याला पहाणी म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर घरच्या मोठ्यांना विचारा, पुढेमागे उपयोगी पडेल. पहाणी तेव्हा नुकतीच संगणकावर आली होती आणि ती सगळी कानडीत. बाबांना कानडी वाचता येत नव्हतं. काकांना येत होतं. एका कचेरीच्या व्हरांड्यात उभं राहून काका पहाणी मोठ्याने वाचून मराठीत सांगत होते, कुठला तुकडा किती एकर, विहीर कुणाच्या नंबरात. मधेच बाबा म्हणाले, "आता कागदावर काय लिहिलंय अन् तू काय वाचूलालास, कुणाला ठाऊक."

काकांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "म्हणजे म्या चोर का?"

बाबा गप्प राहिले. तिथं एक ‘नाही रे’ पुरलं असतं. तो आला नाही, आणि अकरा वर्षं आली नाही.

हे समजायला थोडं मागं जावं लागेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण सगळे निजामाच्या राज्यात. कचेरीत उर्दू, घरात मराठी, शेजारी कानडी, आणि बाजारात तिन्हींची खिचडी. मग १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि त्यात जुन्या बीदर जिल्ह्याचेही तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. बाबा १९४८ च्या उन्हाळ्यातले, काका १९५६ सालचे. आजी म्हणायची, "थोरला निजामाचा, धाकटा म्हैसूरचा." ती हे हसत म्हणायची, पण त्यात बरंच काही होतं. बाबांची शाळा मराठी. ती संपत आली तोवर १९६३ चा राजभाषा कायदा झाला आणि हळूहळू प्रत्येक कागद कानडी होत गेला. काकांनी नोकरीसाठी कानडी शिकून घेतली, परीक्षा दिली, त्याच भाषेवर घर चालवलं. बाबा दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावायचे. ८६५ गावांच्या यादीवर आणि २००४ साली सुप्रीम कोर्टात गेलेल्या दाव्यावर त्यांचा फार भरवसा. आपल्या जमिनीचा कागद आपल्याला वाचता यावा, या मागणीत मला कधीच काही वावगं वाटलं नाही. आणि पोटासाठी शेजारची भाषा शिकणाऱ्या माणसात तरी काय वावगं होतं? दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच तर भांडण मिटेना.

बाबांचा आणखी एक नेम होता. ते कानडी बोलत नसत. कंडक्टरशी नाही, तलाठ्याशी नाही, दुकानदाराशीही नाही. "मला कानडी येत नाही," एवढं एक वाक्य ते सगळीकडे वापरायचे.

अबोला कसा पाळतात हे शहरातल्या मुलांना कदाचित माहीत नसेल. तो मुळीच शांत नसतो. दिवसभर निरोप चालू असतात. काका तीन हातांवर उभे असताना बाबा मला म्हणायचे, "तुझ्या काकाला सांग, मोटार बंद कर म्हणावं." काका माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुझ्या बापाला सांग, पाळी संध्याकाळपर्यंत माझी हाय." मी लग्न होऊन गुलबर्ग्याला गेले होते, म्हणून सणासुदीला माहेरी आले की मला हे काम. एरवी काकांचा धाकटा मुलगा हे टपाल वाहायचा. त्याला वाटायचं, सगळ्याच घरांत थोरली माणसं अशीच बोलतात.

आजीची सोय पाळीने ठरली होती, एक महिना इकडे आणि एक महिना तिकडे. ती पाळी तिने मानली, पण आपल्या पद्धतीने. ताट इकडचं असलं की तुपाची वाटी घेऊन ती फळकुटाच्या दारातून पलीकडे जायची आणि धाकट्या सुनेला म्हणायची, "एक चमचा घाल गं." तिकडे असली की लोणच्यासाठी इकडे यायची. आमच्या आईकडे तूप नव्हतं असं नाही. दोन्ही घरचं एका ताटात पडल्याशिवाय ती घास उचलत नसे.

ही आजी मूळची कानडी. आळंद तालुक्यातली. १९४६ साली चौदाव्या वर्षी लग्न होऊन मराठी घरात आली, तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. आपल्या भागात अशी लग्नं तेव्हा सर्रास व्हायची, सोयरीक बघताना जात, जमीन, माणसं बघत, भाषा कुणी विचारत नसे. ती मुलगी शिकेल, असं धरून चालायचं. आणि त्या शिकायच्याही. आजीला सगळ्यात जड गेलं ते मराठीतलं लिंग. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, एक नियम पाठ केला की झालं. मराठीत भाकरी ‘ती’, तवा ‘तो’ आणि पीठ ‘ते’. आजी म्हणायची, "भाकरी जळला." सासू हसायची, जावा हसायच्या, मग मुद्दाम तिच्याकडून पुन्हा वदवून घ्यायच्या. दोनेक वर्षांत तिने मराठी पक्कं केलं आणि घरात कानडी बोलणं टाकलं. फक्त म्हशीशी बोलायची. धार काढताना ती म्हशीशी जे काही बोलायची ते सगळं कानडीत असायचं. आम्हा नातवंडांना लहानपणी वाटायचं, कानडी ही म्हशींना समजणारी भाषा आहे.

आणि हो, हुमनाबादला माणिकनगरच्या दत्तजयंतीला गेली की तिची कानडी परत यायची. माणिकप्रभूंनी (जन्म १८१७, आपल्याच बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा) मराठी, कानडी, हिंदी अशा किती भाषांत पदं रचली आहेत. तिथं गर्दीत बसून ती मराठी पद मराठीत आणि कानडी पद कानडीत म्हणायची, आणि तिथं कुणी हसायचं नाही.

मी कानडी शिकले ती मात्र आजीकडून नाही, मैत्रिणीकडून. भालकीत शाळेला असताना माझ्या बाकावर एक लिंगायत मुलगी बसायची. आमचं आधी जमलं, भाषा नंतर आली. सुट्टीत आम्ही एकमेकींना कार्ड लिहायचो, ती कानडी मजकूर देवनागरीत लिहायची आणि मी मराठी मजकूर कानडी लिपीत. पोस्टमनने वाचू नये म्हणून. वाचायला आमचं आम्हालाच अर्धा तास लागायचा. पण एकीची लिपी दुसरीला आली ती अशी, फुकटात.

तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा निघताना मी नुकत्याच शिकलेल्या कानडीत ‘होगतीनि’ म्हणाले, म्हणजे ‘जाते’. तिची आई लगबगीने दारात आली. "हंग अनबारदव्वा," असं म्हणू नये बाई, "होगि बर्तीनि अन्नबेकु." जाऊन येते, असं म्हणावं. मला इतकं घरच्यासारखं वाटलं! आमच्याकडेही दारातून निघताना ‘जातो’ म्हटलेलं चालत नाही, ‘येतो’ म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातलं पीठमीठ संपलं तरी ‘वाढलं’. शब्द तोंडातून गेला की तो काहीतरी करतो, ही भीती दोन्ही घरांत सारखीच.

दसऱ्याला तिच्या घरी शमीची पानं देत. शमीला कानडीत बन्नी म्हणतात. ‘बन्नी घेऊन बंगारासारखं राहू’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणत. बंगार म्हणजे सोनं. आमचं ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ तेच, फक्त आमचं पान आपट्याचं. आणि गंमत म्हणजे पुस्तकी कानडीत ‘बन्नि’ याचा दुसरा अर्थ ‘या’. त्यामुळे दसऱ्याला पान हातात ठेवताना तिची आई जणू ‘या, या’ म्हणते आहे असं मला वाटायचं. (आपल्याकडच्या बोलीत ‘बर्री’ म्हणतात, पण तेवढं चालायचंच.)

तिच्यामुळेच मला ‘वचन’ हा शब्द कळला. आम्ही दोघी कॉलेजात असताना बसवकल्याणला गेलो होतो. मराठीत वचन म्हणजे दिलेला शब्द. कानडीत बसवण्णा आणि त्यांच्या बरोबरच्या शरणांनी जे सांगितलं तेही वचन, म्हणजे नुसतं बोललेलं. कविता नाही, ग्रंथ नाही, बोलणं. बारावं शतक, कल्याणीचं राज्य, आणि चांभार, परीट, नावाडी, बाया, सगळे एकत्र बसून साध्या कानडीत बोलताहेत. परंपरा सांगते की चांभार हरळय्यांच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यावरून राजा बिज्जळाने दोघांच्या बापांना देहदंड दिला. कल्याणी पेटली. गिरीश कार्नाडांचं ‘तलेदंड’ हे १९९० चं नाटक याच काळावर आहे. मैत्रीण म्हणाली, "बघ, तुमच्याकडे वचन मोडतं. आमच्याकडे वचन मोडत नाही, कारण ते आधीच बोलून झालेलं असतं." तेव्हा मला हे शब्दांचा खेळ वाटलं होतं. पण घरी वाटणी झाली त्या रात्री ते आठवलं. बाबांनी वचन मोडलं नव्हतं, काकांनीही नाही. काही बोललंच गेलं नव्हतं.

प्रेमाचं म्हणाल तर आमच्या घरात तो शब्द मी कधी ऐकला नाही. आई बाबांना ‘अहो’ म्हणते. माझ्या मैत्रिणीची आई नवऱ्याला ‘रीऽ’ अशी हाक मारते. जगातलं हे सर्वांत लहान प्रेमपत्र असावं. बाकी सगळं जेवणावर. मराठीत ‘जेवलात का?’, कानडीत ‘ऊटा आतेन्री?’, आणि गुलबर्ग्यात बंदानवाजच्या दर्ग्याकडे आमची शेजारीण राहते, ती दखनीत ‘खाना हुआ क्या?’ विचारते. नको म्हटलं तर तीही ‘नक्को’च म्हणते, तो शब्द तिने आपल्याकडूनच नेलाय. तुम्ही मुलं फोन ठेवताना ‘लव्ह यू’ म्हणता, छान वाटतं, म्हणत जा. पण आजी ‘उंडलीस का?’ विचारायची तेव्हा उत्तर ऐकायला थांबायची. हा फरक मला अजून जाणवतो.

पुण्याचे नातेवाईक आमच्या ‘करूलालो’, ‘जाऊलालाव’ला हसतात. हसू द्या. आमच्या शेजारचा कानडी माणूसही ‘माडलिक हत्तीनि’ म्हणजे ‘करायला लागलोय’ असंच म्हणतो. दोन भाषा शेकडो वर्षं एका बांधावर बसल्या की एकमेकींच्या खोडी उचलतात. ज्या ताईला आपण हाक मारतो ती ‘तायि’ कानडीत आई असते. आपण पोळीवर घालतो ते तूप कानडीतलं ‘तुप्प’. मैलारच्या खंडोबाला, म्हणजे त्यांच्या मल्लण्णाला, आपण ‘येळकोट’ घालतो तेही कानडीतलं ‘एळु कोटि’, सात कोटी. सीमा नकाशावर ओढली ती १९५६ साली. तोंडात ती कुठून ओढणार?

नोव्हेंबर २०१४ मध्ये आजीला पक्षाघात झाला. त्याच महिन्याच्या १ तारखेला गुलबर्ग्याचं नाव अधिकृतपणे कलबुर्गी झालं होतं. बीदर-कलबुर्गी रेल्वे अजून सुरू व्हायची होती, ती २०१७ ला झाली. म्हणून तिला जीपमध्ये आडवं घालून हुमनाबादवरून माझ्याकडे आणलं. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डॉक्टरांनी सांगितलं, याला अफेजिया म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथं बहुतेकांची भाषा असते, तिथं रक्त पोचलं नाही की माणसाला शब्द सापडत नाहीत. विचार असतो, पण शब्द येत नाही.

दहाव्या दिवशी सकाळी ती बोलली. "नीर कोड." पाणी दे.

त्यानंतर जे काही आलं ते कानडीतच. मराठी आलंच नाही. अडुसष्ट वर्षं ज्या भाषेत तिने संसार केला, भांडली, नातवंडं वाढवली, ती भाषा पुसून गेली आणि आळंदच्या चौदा वर्षांच्या मुलीची भाषा तेवढी उरली. मी नंतर याबद्दल वाचलं. रिबो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १८८१ साली लिहून ठेवलंय की आधी शिकलेलं शेवटपर्यंत टिकतं. पित्रेस नावाचा दुसरा १८९५ मध्ये म्हणाला, तसं नाही, जी भाषा रोजच्या सवयीची ती आधी परत येते. प्रत्येक रुग्णाचं वेगळं असतं. आमच्या आजीच्या बाबतीत रिबो जिंकला. किंवा कदाचित म्हशीशी रोज बोलल्यामुळे पित्रेसही जिंकला असेल.

दोन्ही मुलगे आले होते. एक खाटेच्या उजवीकडे, एक डावीकडे, माना खाली. आजीने डावा हात उचलून आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "इब्बरू कूडि उण्री."

दोघं मिळून जेवा. एवढंच.

काकांना अर्थातच कळलं, ते रडायला लागले. मी बाबांकडे बघत होते, त्यांना सांगावं म्हणून तोंड उघडलं. मराठीत. त्याआधीच बाबा खाली वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "हूं अव्वा. उण्तीवि. कूडि उण्तीवि."

स्वच्छ कानडी, आळंदकडच्या हेलासकट. काका थक्क होऊन बघत राहिले. मीही. नंतर विचार केला तर त्यात आश्चर्य काय होतं? पाळण्यात असताना, म्हशीजवळ मांडीवर असताना, ते हेच ऐकत वाढले होते. आईला ‘अव्वा’ म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. पाच वर्षांचे असताना म्हणत असतील.

डिसेंबरात वेळ अमावास्या आली. लातूर, उस्मानाबादपासून आपल्या बीदर-कलबुर्गीपर्यंत हा सण. कानडीत एळ्ळ अमावास्या. एळ्ळु म्हणजे तीळ, आणि त्याच नावाचं मराठी तोंडात ‘वेळ’ झालं असं मानतात. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत पांडवांचे पाच दगड, भज्जी, आंबील, उंडे. वाटणीनंतर आमच्या शेतात दोन कोपी व्हायच्या, बांधाच्या दोन बाजूंना. त्या वर्षी काकांच्या मुलाने सकाळी एकच केली. कुणी त्याला सांगितलं, माहीत नाही. आजीला खुर्चीत बसवून बैलगाडीतून नेलं. दोघे भाऊ तिच्यासमोर मांडीला मांडी लावून बसले. बोलले नाहीत. आई वाढत होती, काकू वाढत होत्या. मग काकांनी आंबिलाचा तांब्या उचलला आणि बाबांकडे न बघता विचारलं, "दादा, घालू?" बाबांनी वाटी पुढे केली.

आजी त्यानंतर पाच महिने होती. शेवटी शेवटी माझी मुलगी, जी शाळेत सक्तीच्या कानडीवरून रोज कुरकुर करायची, तीच तिच्याजवळ जास्त बसायची. दोघींचं काय चालायचं देव जाणे. मुलगी सांगते, पणजी तिला म्हशीचं नाव विचारायची.

दोघे भाऊ एकदम गळ्यात पडले वगैरे काही झालं नाही. भिंत अजून आहे. बोलणं तुरीच्या भावावर, पावसावर, कुणाच्या मुलीचं जमलं यावर. विहिरीचा विषय आजही निघत नाही. बाबा आजही कंडक्टरला "कानडी येत नाही" म्हणतात, आणि १ नोव्हेंबरला फीत लावतात.

२०१६ च्या पावसाळ्यात मी माहेरी होते. पीकविम्याचं एक पत्र आलं, दोन पानी, सगळं कानडीत. मी हात पुढे केला. बाबांनी पत्र माझ्याकडे दिलं नाही. चष्मा खिशात ठेवला, फळकुटाचं दार ढकललं आणि पलीकडे जाऊन ते काकांच्या हातात दिलं.

"काय लिहिलंय बघ रं," म्हणाले.

काकांनी सगळं वाचून मराठीत सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, पत्राची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. ते पत्र त्यांनी नंतर मला दाखवलं नाही, दुसऱ्या कुणालाही दाखवलं नाही.